अण्णांना संवाद कळायला लागले : यामाहा आरएक्स-व्ही385, आठ महिन्यांनंतर

आमच्याकडे टीव्हीचा आवाज कायम 40 वर असायचा, आणि तरी अण्णा विचारायचे, "काय म्हणाला गं तो?" अण्णा म्हणजे माझे सासरे, वय 74. मारामारी किंवा गाणं आलं की कान किटायचे, मग आवाज कमी. माणसं बोलायला लागली की पुन्हा वाढवा. होम थिएटर घेतलं ते यासाठी. दणदणाट कोणालाच नको होता, बोलणं समजायला हवं होतं.

साउंडबारही ऐकून पाहिले. पण रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र, घेतला की स्पीकर सवडीने एकेक बदलता येतात आणि सेंटर स्पीकर वेगळा मिळतो. सिनेमातले बहुतेक संवाद या मधल्या चॅनलवरच असतात, आणि बाकीच्या स्पीकरना हात न लावता त्याचा एकट्याचा आवाज वाढवता येतो. आम्हाला नेमकं हेच पाहिजे होतं.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस एम.जी. रोड पालथा घातला. एका दुकानात महागडा 7.2, म्हणजे सात स्पीकर आणि बासचे दोन सबवूफर जोडता येणारा, मॉडेल घ्या म्हणून फार आग्रह झाला. कारण काय, तर "ताई, वॅट जास्त आहेत." वॅटवर भुलू नका, हे अगदी कळकळीने सांगते. पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. म्हणजे 70 वॅट आणि 90 वॅट यांत जेमतेम 1 डेसिबलचा फरक, तो कानाला कळणारही नाही. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा एक किंवा दोनच चॅनल चालू धरून दिलेला असतो. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठा वाजतो ते. 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला तर दुप्पट पॉवरचं काम तिथेच होतं. इंदिरानगरमधला आमचा हॉल 10 बाय 16 फुटांचा. त्यात मागे आणखी दोन स्पीकर ठेवायचे तर सोफा भिंतीपासून ओढावा लागला असता. म्हणून यामाहाचा हा 5.1 चा (पाच स्पीकर, एक सबवूफर) रिसीव्हर घेतला आणि वाचलेले पैसे सेंटर स्पीकरवर घातले. या निर्णयाचा मला आजही आनंद आहे.

जोडणीला दुकानाचा माणूस आला, अर्ध्या तासात वायरी जोडून गेला. माइक लावून खोलीप्रमाणे स्पीकर जुळवायची मोजणी मात्र केलीच नाही. पहिले चार दिवस उजव्या बाजूचा मागचा आवाज कुठून येतोय तेच कळत नव्हतं. रविवारी मीच खोक्यातला माइक काढला. यामाहाच्या या मोजणीला वायपाओ म्हणतात. माइक सोफ्यावर, अण्णा जिथे बसतात तिथे, त्यांच्या कानाच्या उंचीला यायला हवा. उशी मऊ पडते म्हणून स्टुलावर पिठाचा डबा ठेवला आणि त्यावर माइक. पंखा बंद, खिडक्या बंद, सगळे स्वयंपाकघरात गप्प उभे. मोजणी सुरू झाली आणि शेजारच्या कुकरची शिट्टी झाली! समोरच्या पट्टीवर ई-5 आलं, म्हणजे खोलीत गोंगाट आहे. दुसऱ्या वेळी डब्ल्यू-1 आलं, म्हणजे फेज उलटा, कुठल्यातरी स्पीकरच्या वायरी उलट लागल्यात. उजवा सराउंड, म्हणजे मागचा स्पीकर, काढून पाहिला तर वायरीची लाल रेघ काळ्या टर्मिनलला लावलेली. अदलाबदल केली, पुन्हा मोजलं, आणि पाऊस डोक्यामागे पडतोय असं पहिल्यांदा वाटलं. तुमच्याकडे कोणीही जोडणी करून दिली तरी ही मोजणी स्वतः एकदा कराच.

मोजणीनंतरही तीन गोष्टी हाताने बदलल्या. पुढचे स्पीकर मोजणीने लार्ज (खालचा बासही वाजवणारे) धरले होते, ते स्मॉल करून क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ ठेवला, म्हणजे त्याखालचा बास सबवूफर सांभाळतो. सेंटरची पातळी 3 डेसिबलने वाढवली. रात्री डायनॅमिक रेंज, म्हणजे मोठ्या आणि बारीक आवाजांतलं अंतर, सगळ्यात कमी ठेवते, त्यामुळे स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. अण्णांना सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या सेटिंगने पडला.

टीव्हीचं म्हणाल तर रिसीव्हरची केबल टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच लावा (टीव्हीचा आवाज त्यातूनच रिसीव्हरकडे जातो), रिसीव्हरमध्ये एचडीएमआय कंट्रोल चालू करा, आणि टीव्हीत डिजिटल आवाज पीसीएमवर असेल तर तो बिटस्ट्रीम किंवा ऑटोवर न्या. आमचा आठवडाभर पीसीएमवरच राहिला होता, पाच स्पीकर असून स्टिरिओच ऐकत होतो. साध्या एआरसीतून ब्लू-रेवरचा उच्च दर्जाचा डॉल्बी ट्रूएचडी आवाज जात नाही, त्यामुळे ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरलाच जोडा.

कमतरता आहेत. वाय-फाय नाही, फोनवरची गाणी ब्लूटूथनेच ऐकावी लागतात. अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, नाही. मुलाच्या मित्राकडे प्लेस्टेशन 5 आहे, त्याला 4के चित्र सेकंदाला 120 फ्रेमने हवं असेल तर हा चालणार नाही, 60 पर्यंतच जातो. आणि तापतो. एप्रिलमध्ये टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात वरचं झाकण हाताला चटका देईल इतकं गरम झालं. सुताराला बोलावून मागची फळी कापून घेतली आणि रिसीव्हर वरच्या उघड्या फळीवर हलवला. तेव्हापासून काही तक्रार नाही. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवते.

सबवूफर आधी कोपऱ्यात होता, तिथे बास फुगायचा आणि खालच्या काकूंच्या भांड्यांच्या मांडणीपर्यंत पोचायचा. कोपऱ्यातून तीन फूट बाहेर काढला, खाली जाड रबरी चटई घातली, पातळी उतरवली आणि मोजणी परत केली. काकूंना वर बोलावून ऐकवलंही. त्या अण्णांशेजारी बसल्या. मध्येच त्यांनी काहीतरी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "थांबा हो, तो बोलतोय ना."