हिवाळ्यातला प्रोफाइल फोटो: बाहेरचं ऊन की खिडकीचा उजेड?

डेटिंग ॲपवरचे फोटो थंडीत बदलायचे असतील तर प्रश्न बहुधा इथेच अडतो: बाहेर पडून उन्हात काढावेत, की घरातच खिडकीशी? मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि दोन्हींतून बरे फोटो मिळतात, हे आधीच सांगतो.

बाहेरची बाजू खरोखरच भक्कम आहे. हिवाळ्यात सूर्य भर दुपारीही खालीच राहतो. त्यामुळे ऊन डोक्यावरून न कोसळता तिरपं येतं आणि उन्हाळ्यात डोळ्यांखाली पडतात तशा काळ्या सावल्या पडत नाहीत. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका हा फायदा मोठा. बर्फ पडलेला असेल तर तो हनुवटीखालचा रिफ्लेक्टरच, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकतो. मात्र कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी करायला जातो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्याला टॅप करून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वाढवायचं. शिवाय बाहेरच्या फोटोत माणूस कुठेतरी वावरणारा, जिवंत वाटतो.

माझं घोडं अडलं ते डोळ्यांपाशी. तेच तिरपं ऊन थेट डोळ्यांत शिरतं आणि ते बारीक होतात. डोळे मिटून घ्या, तीन म्हटल्यावर उघडा, हा उपाय पहिल्या एखाद्या फ्रेमपुरता चालतो. उन्हाकडे पाठ केली तर केसांना सुंदर कड येते, पण चेहरा अंधारात जातो. सावलीत गेलं तर त्वचेवर निळसर झाक येते. ती नंतर काढता येते, पण वाऱ्याने डोळ्यांत आलेलं पाणी कसं काढणार? त्यात नाक लाल, खांदे कानांपर्यंत वर आणि हसू गारठलेलं. मित्राने काढलेले माझे बाहेरचे फोटो चाळताना रंग, पार्श्वभूमी, कपडे सगळं आवडायचं, फक्त नजर माझी वाटायची नाही. अनोळखी व्यक्ती ज्या फोटोवर क्षणभर थांबून आपल्याबद्दल काही ठरवणार, त्यात नजरच नसेल तर बाकीचं कितीही छान असून काय उपयोग?

खिडकीपाशी ही अडचण सुटते. थेट ऊन येत नसलेली मोठी खिडकी निवडा. ऊन येतच असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. काचेपासून हातभर अंतरावर उभं राहून चेहरा थोडा उजेडाकडे वळवला की बुबुळांत खिडकीचा छोटा पांढरा ठिपका उमटतो. माझ्या मते निम्मा फोटो त्या ठिपक्यातच असतो. खिडकीपासून आत जाऊ तसा उजेड झपाट्याने घटतो, त्यामुळे मागचा पसाराही आपोआप अंधारात विरतो. खोलीतला दिवा मात्र बंदच हवा. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) आणि दिवसाचा उजेड ५५०० किंवा त्याहून वरचा, त्यामुळे एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो. फोनचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा सुधारणारी सोय, दोघांना एकाच वेळी सांभाळू शकत नाही.

यात उणिवा आहेतच. हिवाळ्यात चांगला उजेड थोडेच तास टिकतो. तो उतरला की फोन आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो, त्याने फोटोत येणारे दाणे पुसून टाकतो आणि त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. पूर्ण उंचीचा फोटो खिडकीपाशी सहसा नीट साधत नाही. आणि सगळेच फोटो खिडकीतले असले तर प्रोफाइल एकसुरी होते, हा आक्षेप मला मान्य आहे.

सेल्फी दोन्हीकडे टाळा. हाताच्या अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोन टेकवून ठेवा, मागचा कॅमेरा आणि टायमर लावा, निदान दीड मीटर लांब उभे राहा आणि दुप्पट झूम करा.

तुमचे डोळे उन्हात सहज उघडे राहत असतील तर तुमचा कौल कदाचित वेगळा पडेल. मी मात्र पहिला फोटो खिडकीचाच ठेवला आहे आणि बाहेरचा, पूर्ण उंचीचा, दुसऱ्या जागी. तो काढायला पातळ ढगांचा, वारा पडलेला दिवस निवडा आणि कोट, मफलर कॅमेरा तयार झाल्यावरच उतरवा.