व्हिस्पर वर्षभर वापरल्यावर: मराठी बोलून लिहायचं असेल तर आधी कॉम्प्युटरकडे बघा

मनगटाच्या दुखण्यामुळे गेलं वर्षभर मी जमेल तेवढं लिखाण बोलूनच करतेय. टायपिंग अगदी बंद नाही, पण पान-दोन पानांच्या वर गेलं की रात्री हात ठणकायला लागतो, त्यामुळे बोललेलं लिहून देणारं सॉफ्टवेअर ही माझी हौस नाही, गरज आहे. मला हवं होतं एवढंच की मराठी नीट उमटली पाहिजे आणि आवाज माझ्याच मशीनवर राहिला पाहिजे, कारण मी मुलाखतीपण उतरवते आणि लोक बरंच काही विश्वासाने बोललेले असतात, ते कुठल्या सर्व्हरवर पाठवायचं माझ्या मनाला पटत नाही. बरंच शोधून शेवटी व्हिस्परवर आले.

व्हिस्पर हे ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, बोललेलं ऐकून लिहून देणारं एआय मॉडेल, ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं, आणि त्यात मराठीसुद्धा आहे. मी ते व्हिस्पर डॉट सीपीपी मधून चालवते, म्हणजे तेच मॉडेल पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या प्रोसेसरवरही चालेल असं नव्याने लिहिलेलं. एकदा मॉडेल डाउनलोड केलं की इंटरनेट लागत नाही, आणि पैसे पण नाहीत.

सुरुवात केली जुन्या लॅपटॉपवर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. थेट सगळ्यात मोठं, लार्ज मॉडेल घेतलं, त्याची फाइलच जवळजवळ ३ जीबीची. चाललं, नाही असं नाही, पण रेकॉर्डिंग जेवढं लांब त्याच्या कितीतरी पट वेळ लागायचा, आणि त्यात ब्राउझर उघडा राहिला असेल तर रॅम संपून डिस्कवर ढकलाढकली सुरू व्हायची, मग तर माउससुद्धा अडखळत हलायचा.

सगळे मला विचारतात की कॉम्प्युटर स्लो असेल तर चुका जास्त होतात का. मी एकच मुलाखत, एकच मॉडेल, त्याच सेटिंग ठेवून या लॅपटॉपवर आणि मैत्रिणीच्या दणकट डेस्कटॉपवर उतरवून पाहिली आणि एखाददुसरा शब्द सोडला तर मजकूर तोच आला. म्हणजे स्लो मशीन कमी ऐकत नाही, ते तेच गणित करतं, फक्त रेंगाळत करतं. रेकॉर्ड केलेली फाइल उतरवायची असेल आणि तुम्हाला घाई नसेल तर जुन्या मशीनवरही उत्तम काम होतं, हे मी अगदी खात्रीने सांगते.

पण समोर बसून बोलायचं आणि लगेच अक्षरं उमटायला हवीत म्हटलं की सगळंच बदलतं. इथे मशीन मागे पडलं तर ते मागेच पडत जातं, मग माणूस काय करतो, लहान मॉडेल घेतो. आणि चुका शिरतात त्या इथूनच. टायनी मॉडेलमध्ये साधारण ३ कोटी ९० लाख आकडे साठवलेले असतात, स्मॉलमध्ये २४ कोटी ४० लाख, मीडियममध्ये ७७ कोटीच्या आसपास आणि लार्जमध्ये १५५ कोटी. ओपनएआयच्या स्वतःच्या तक्त्यात टायनी हे लार्जच्या साधारण दहापट, स्मॉल चौपट आणि मीडियम दुप्पट वेगाने चालतं. इंग्रजीसाठी स्मॉलवर काम भागतं, पण मराठीसाठी नाही हो. ळ चा ल, ण चा न, जोडाक्षरांची मोडतोड, एका शब्दाचे मधेच दोन तुकडे, आणि टायनीवर तर आपण काय बोललो होतो ते आपल्यालाच ओळखू येत नाही. माझ्या मते मराठीला निदान मीडियम हवंच, आणि त्याला ताकद लागते. म्हणजे कॉम्प्युटरचा वेग थेट चुका करत नाही, तो तुम्हाला कुठलं मॉडेल परवडेल हे ठरवतो आणि मग चुका आपोआप येतात.

आता हे लाइव्ह बोलताना इतकं जड का जातं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही सांगते कारण त्यावर उपाय आहेत. व्हिस्पर आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे करून ऐकतं, आणि तुम्ही दोनच सेकंद बोललात तरी उरलेल्या जागी शांतता भरून पूर्ण ३० सेकंदांचाच तुकडा बनवतं. म्हणून "हो, पुढे चला" एवढंच म्हटलं तरी ऐकण्याचं काम तेवढंच होतं. तुटक तुटक वाक्यं बोललात की मशीनचा दम जास्त निघतो, सलग चार-पाच वाक्यं बोलून थांबलात तर तेवढ्याच कामात जास्त मजकूर मिळतो. मी हे कळल्यापासून परिच्छेद डोक्यात जुळवून मग बोलते, खूप फरक पडला.

दुसरं आपल्या लिपीचं. मॉडेल मजकूर लिहितं तो अक्षरांच्या छोट्या छोट्या तुकड्यांनी, एकामागून एक. इंग्रजी शब्द बऱ्याचदा एका-दोन तुकड्यांत संपतो, देवनागरीतल्या शब्दाला जास्त तुकडे लागतात, आणि प्रत्येक तुकड्यासाठी मॉडेलला परत फेरी मारावी लागते. म्हणून वेगाचे जे आकडे नेटवर दिसतात ते बहुतेक इंग्रजीचे असतात, ते बघून मराठीचा अंदाज बांधू नका. मी तसाच बांधला होता आणि फसले.

गोंगाटाचं पण बघा. पंखा, रस्ता, टीव्ही मागे चालू असेल तर शब्द चुकणारच हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याने स्पीडपण कमी होतो हे मला नवीन होतं. आलेला मजकूर भरवशाचा वाटला नाही, किंवा तेच तेच शब्द परत यायला लागले, तर व्हिस्पर तोच तुकडा थोडं सैल सोडून पुन्हा उतरवून बघतं, गरज पडली तर अनेकदा. म्हणजे खराब आवाज मशीनला दुप्पट-तिप्पट राबवतो. त्यात लॅपटॉप तापला की त्याचा पंखा जोरात फिरतो आणि आतला माइक तोच पंखा ऐकतो, आणि तापल्यामुळे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो तो वेगळाच. पहिली काही मिनिटं मस्त आणि नंतर ढकलगाडी असं होत असेल तर कारण बहुतेक हेच. चार्जर लावून, पॉवर सेटिंग फुल करून, लॅपटॉप मांडीवर न ठेवता टेबलावर जरा उचलून ठेवला आणि वायरवाला माइक तोंडाजवळ घेतला तर जुन्या मशीनमध्येही जीव येतो. ब्लूटूथ हेडसेट शक्यतो नको, माइक सुरू झाला की त्यातले बरेचसे कॉलवाल्या मोडमध्ये जातात आणि काहींचा आवाज सेकंदाला ८ हजार नमुन्यांवर (म्हणजे आवाजाच्या मोजमापांवर) उतरतो, व्हिस्परला १६ हजार लागतात, जे आलंच नाही ते व्हिस्पर ऐकणार कुठून.

थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम किती धाग्यांत वाटायचं तो आकडा, वाढवले की वेग वाढतो असंही नाही. प्रोसेसरमध्ये खरे कोअर (काम करणारे भाग) जेवढे तेवढे ठेवून बघा, त्याच्या वर गेले तर माझ्याकडे उलट हळू झालं. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असेल तर मॉडेल पटकन लोड होतं, पण एकदा लोड झालं की पुढे त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे फक्त डिस्क बदलून फार आशा ठेवू नका. क्वांटाइझ केलेली, म्हणजे आतले आकडे कमी जागेत बसवलेली मॉडेलं मात्र जरूर घ्या, लार्जची फाइल ३ जीबीवरून १ जीबीच्या थोडी वर एवढीच राहते आणि मला मराठीत फरक फारसा जाणवला नाही.

मला सगळ्यात जास्त जे खटकलं ते आकड्यांत दिसत नाही. अक्षरं उशिरा उमटायला लागली की मी वाक्य अर्ध्यात सोडून स्क्रीनकडे बघत बसायचे, आणि मागचं उमटेपर्यंत पुढचं मनातून निघून जायचं. १९९० च्या ड्रॅगनडिक्टेट या बोललेलं लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं, तेव्हाच्या मशीनची तेवढीच ताकद होती, सलग बोलता येईल असं ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग १९९७ मध्ये आलं. जुन्या लॅपटॉपवर मी नकळत तशीच थांबत थांबत बोलायला लागले होते, आणि नंतर वाचलं तर लिखाणसुद्धा तसंच तुटक झालेलं. ज्याला हाताने लिहिणं शक्य नाही त्याच्यासाठी वेग म्हणजे विचार हातातून निसटू न देणं आहे, चैन नाही, हे कॉम्प्युटर घेऊन देणाऱ्या घरच्यांनी आणि ऑफिसवाल्यांनी समजून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं.

शेवटी डेस्कटॉप घेतला, १६ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. त्यावर टर्बो मॉडेल चालवते, हे लार्जच्याच तिसऱ्या आवृत्तीतून बनवलंय, पण लिहिणाऱ्या भागाच्या ३२ थरांपैकी फक्त ४ ठेवलेत, त्यामुळे बोलून थांबलं की मजकूर लगेच समोर येतो. मराठी लार्जपेक्षा किंचित कमी, पण दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. फक्त लांब शांतता असेल तिथे जपून, व्हिस्परची मॉडेलं अशा जागी न बोललेली वाक्यं घालतात हे माहीत असलेलं आहे, म्हणून मी शांतता गाळणारा पर्याय चालू ठेवते आणि मुलाखत असेल तर मूळ आवाज ऐकत एकदा वाचतेच.

जुना लॅपटॉप टाकला नाही. मुलाखतींसाठी लार्ज अजून त्याच्यावरच चालतं, झोपायच्या आधी ब्राउझर बंद करून, चार्जर लावून फाइल सुरू करते आणि सकाळी मजकूर तयार असतो.