स्वतःच्या गाडीने मुक्तिनाथ: भन्सारच्या पावतीवरची तारीख नीट वाचून घ्या

गेल्या आठवड्यात नणंदेने मला एक जाहिरात पाठवली. 'आपल्या गाडीने मुक्तिनाथ, सगळे परवाने आमच्याकडे.' खालच्या फोटोत आमचीच गाडी होती. सोनौलीच्या भारत-नेपाळ सीमेवरची कमान, समोर आमची पांढरी गाडी आणि बॉनेटपाशी हात जोडून उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई. ज्या माणसाने आम्हाला फसवलं तोच आमचा फोटो दाखवून नवी गिऱ्हाईकं गोळा करतोय. इतके दिवस हे लिहायचं टाळत होते, आज सगळं सांगते.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही तिघं निघालो, मी, नवरा आणि सासूबाई. मुक्तिनाथाला जायचं त्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं. सोनौलीहून बुटवल, पाल्पा, पोखरा, मग बेनीवरून कालीगंडकीच्या काठाने जोमसोम आणि मुक्तिनाथ, येताना काठमांडू. एकूण बारा दिवस. हॉटेलं ठरवणं सोपं होतं, अडलं ते गाडीच्या कागदांशी. आपली गाडी नेपाळमध्ये न्यायची तर सीमेवर भन्सार करावा लागतो, म्हणजे तिथल्या कस्टम्सची परवानगी. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे आधी भरायचे, आणि वर्षभरात एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही. कोण म्हणायचं रांगेत अर्धा दिवस जातो, कोण म्हणायचं एजंटशिवाय कामच होत नाही. अशात एका माणसाचा मेसेज आला.

त्याने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या, हे मुद्दाम लिहिते आहे. आधार कार्ड चालणार नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, म्हणाला. ते खरं होतं. आपला गाडीचा विमा सीमेपलीकडे आपोआप लागू होत नाही, निघायच्या आधी विमा कंपनीकडून नेपाळसाठी क्षेत्रवाढ लिहून घ्या, म्हणाला. तेही खरं, आणि ते आम्ही केलं. जोमसोमला दुपारी वारा सुटतो, सकाळी लवकर पुढे सरका, हेसुद्धा त्यानेच सांगितलं. प्रत्येक गोष्ट आम्ही दुसरीकडे पडताळून पाहिली आणि प्रत्येक बरोबर निघाली. म्हणून साडेनऊ हजारांत बारा दिवसांचा भन्सार आणि अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचे तिघांचे परवाने, असं ठरलं. पाच हजार आधी यूपीआयने, बाकीचे सीमेवर त्याच्याकडे काम करणाऱ्या मुलाच्या हातात रोख.

८ नोव्हेंबरला सकाळी सोनौलीला पोचलो. ट्रकांची रांग, धूळ, हॉर्न. तो मुलगा कमानीच्या अलीकडेच भेटला. "आप लोग गाड़ी में बैठिए, माताजी को तकलीफ होगी." नवऱ्याकडून आरसी आणि लायसन्स घेतलं, एका कोऱ्या फॉर्मवर सही घेतली. कोऱ्या फॉर्मवर सही दिली, ही आमची पहिली चूक. जाण्याआधी त्याने आमचा फोटो काढला, सेठला पाठवायचाय म्हणाला.

पाऊण तासाने पावती आली. गाडीचा नंबर बरोबर, नाव बरोबर, शिक्का खरा. पावती खोटी नव्हतीच, आणि म्हणूनच शंका आली नाही. सुरुवातीच्या तारखेवर शिक्का बसून ती पुसट झाली होती. शेवटची तारीख स्वच्छ होती: २०८१/०७/२७, पुढे 'सम्म'. म्हणजे इथपर्यंत. मी विचारलं तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "दीदी, नेपाली तारीख है. कार्तिक सत्ताईस तक. आप तो उससे पहले लौट आएँगे."

त्या दिवशी आपल्याकडे कार्तिक शुद्ध सप्तमी होती. सासूबाईंना तिथी तोंडपाठ असते. त्याच म्हणाल्या, "अगं, पाडव्याला कार्तिक लागला, अजून वीस दिवस आहेत की." लिपी आपली, महिन्याचं नाव आपलं, मग काय विचारायचं? रक्कमही मोठी वाटली, कारण ती नेपाळी रुपयांत होती. आपले १०० म्हणजे तिकडचे १६०, हे माहीत असूनही त्या घाईत भागाकार केला नाही.

नेपाळचे महिने चंद्रावर चालत नाहीत, सूर्यावर चालतात. त्यांचं वर्ष वैशाखापासून सुरू होतं, म्हणून कार्तिक सातवा. २०८१ चा कार्तिक १७ ऑक्टोबरलाच लागला होता. आम्ही सीमा ओलांडली तेव्हा तिकडे कार्तिक २३ होता आणि २७ म्हणजे १२ नोव्हेंबर. बारा दिवसांचे पैसे घेऊन त्याने पाच दिवसांचे भरले होते.

पोखऱ्यात परवाने घेऊन येणारा माणूस आलाच नाही. 'नेटवर्क नाही, आज येईल, उद्या येईल' झालं. शेवटी आम्हीच काउंटरवर जाऊन परवाने काढले. थोड्या वेळात हातात मिळाले, आणि सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी लोकांपेक्षा दर कमी आहे हेही तिथे कळलं. तेव्हाच पावती कुणाला तरी दाखवायला हवी होती. पण पैसे थोडेच गेलेत, भन्सार तर झालाय, असं म्हणून पुढे निघालो.

१२ तारखेला मुक्तिनाथ झालं. ३,७०० मीटरच्या वर, धाप लागत, सासूबाई एकशे आठ धारांखालून एकेक करत गेल्या. पाणी बर्फासारखं होतं. बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते आणि चेहरा असा की मी कधी पाहिला नव्हता. त्याच रात्री आमच्या गाडीची मुदत संपत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

१४ ला उतरताना बेनीच्या अलीकडे ट्रॅफिक पोलिसांनी थांबवलं. कागद पाहून ते शांतपणे म्हणाले, "यसको म्याद त सकिएको छ नि." म्हणजे याची मुदत तर संपलीय. तेव्हा आम्हाला कळेना. मग त्यांनी नवऱ्याला चौकीत नेलं. भिंतीवर नेपाळी कॅलेंडर होतं. प्रत्येक चौकोनात मोठा नेपाळी आकडा, कोपऱ्यात बारीक इंग्रजी तारीख. त्यांनी २७ वर पेन टेकवलं आणि मग कोपऱ्यातल्या १२ वर. दोन सेकंदांत सगळा उलगडा झाला.

त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला सर्व्हरची चूक असेल, मग फोन बंद. काठमांडू सोडून दिलं आणि थेट सोनौलीच्या पलीकडे, नेपाळच्या बाजूला असलेल्या बेलहियाच्या भन्सार कार्यालयात आलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी फॉर्म काढून दाखवला. दिवसांच्या रकान्यात ५ लिहिलेलं आणि खाली नवऱ्याची सही. वाद घालायला जागाच नव्हती. दंड भरला. पैशांपेक्षा लागलं ते हे, की सासूबाई दोन तास बाकावर बसून होत्या आणि राहून राहून म्हणत होत्या, "मीच म्हटलं ना, वीस दिवस आहेत."

जाणार असाल तर भन्सारच्या खिडकीवर स्वतः उभे राहा. तिथे हिंदी समजतं. किती दिवस ते तोंडाने सांगा, फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा आणि मगच सही करा. रोजचा दर विचारा, पावतीवरच्या रकमेला त्याने भागा, दिवस जुळतात का बघा. शेवटच्या दिवसाची इंग्रजी तारीख अधिकाऱ्यांना विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा. फोनमध्ये नेपाळी पात्रो, म्हणजे तिथलं कॅलेंडर, घेऊन ठेवा, त्यात दोन्ही तारखा शेजारी दिसतात. दिवस एखाद-दोन जास्तच घ्या, त्या रस्त्यावर दरड कधी येईल सांगता येत नाही.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. यूपीआयच्या पाच हजारांचा पुरावा होता, सीमेवर दिलेल्या रोख पैशांचा काहीच नाही. आता जाहिरातीतला फोन नंबर वेगळा आहे, नावही वेगळं. फोटो काढून टाकायला कळवलंय, अजून निघालेला नाही. सासूबाईंना तो दाखवायचा नव्हता, पण त्यांनी पाहिलाच. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बघून कुणी आपल्या आईला घेऊन निघालं, तर गं?"