ट्रेडमिल: मोटरला तीन वर्षांची वॉरंटी, बोर्डाला एक, आणि तेलाचं नाव कुणी घेत नाही

ट्रेडमिल तीस-चाळीस हजारांच्या गटातली आहे. घडी होणारी, डीसी मोटरची, पेटीवर ठळक अक्षरांत '४ एचपी पीक'. बाकी स्पेसिफिकेशन्स सगळीकडे छापलेली आहेत, ती इथे पुन्हा टंकत नाही. हे परीक्षण लिहायला बसायचं कारण एवढंच की वॉरंटीचं पहिलं वर्ष संपलं आणि पाठोपाठ कंट्रोलर बोर्डानं मान टाकली. कंपनीचं उत्तर तयार होतं: 'मोटर ठीक आहे, म्हणजे मोटरची वॉरंटी लागत नाही. बोर्डाची वर्षभराचीच होती.' नवा बोर्ड, व्हिजिट चार्ज, वर जीएसटी.

घेताना प्रत्येक जण मोटरची चौकशी करतो आणि दुकानदारही मोटरचंच कौतुक ऐकवतो. पण मोटर सहसा जात नाही. जातो तो तिच्या शेजारी, पुढच्या कव्हरखाली बसलेला बोर्ड. म्हणून तीन वर्षांची वॉरंटी मोटरवर असते आणि एका वर्षाची बोर्डावर. हा योगायोग नव्हे.

बोर्डाचं काम असं. घरातली २३० व्होल्टची एसी वीज तो डीसीत बदलतो, मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट साठवतो, आणि अंगठ्याच्या नखाएवढा एक मॉस्फेट किंवा आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन मोटरला लागेल तेवढीच वीज पुढे सोडतो. आपण वेग ४ चा ६ करतो तेव्हा बदलतो तो या चालू-बंदचा हिशोब. हा तुकडा जळाला की लोक व्होल्टेजला शिव्या देतात. व्होल्टेजनं जळतोही कधीकधी, पण घरगुती वापरात मुख्य गुन्हेगार असतो तो कोरडा पट्टा.

आपण चालतो तो पट्टा एका फळीवरून घासत जातो. फळी एमडीएफची, वर गुळगुळीत थर. पाऊल पडलं की आपलं सगळं वजन पट्ट्याला फळीवर दाबतं आणि मोटर तो तसाच ओढते. मध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर असेल तर पट्टा सरकतो. थर संपला की ओढ वाढते, मोटर जास्त करंट मागते, बोर्डावरचा हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा) तापतो, आणि एक दिवस स्क्रीनवर एरर येतो. म्हणजे बोर्ड जातो तेलाच्या दोन थेंबांपायी, आणि खोक्यात दिलेली बाटली असते एका वेळेपुरती.

मॅन्युअल काय म्हणतं? 'दर तीन महिन्यांनी तेल घाला.' या वाक्याला अर्थ नाही. एक माणूस रोज अर्धा तास चालला तर तीन महिन्यांत ४५ तास होतात. घरातले चौघे मिळून रोज दोन तास चालले तर १८० तास. दोघांना एकच सल्ला? तेल तासांवर घालायचं. चाळीस-पन्नास तासांमागे एकदा, आणि मधूनमधून हातानं तपासायचं. प्लग काढा, पट्ट्याच्या कडेखालून हात सरकवून मधल्या भागात, जिथे पावलं पडतात तिथे, बोटं फिरवा. बोटांना तेलकटपणा लागला तर काही करू नका. कोरडी काळी पूड लागली तर उशीर झालाय.

घालायची रीत: प्लग काढून पट्ट्याची एक कड उचला, बाटलीचं लांब तोंड आत घाला आणि पुढच्या अर्ध्या भागात नागमोडी रेघ सोडा. एका बाजूनं १० ते १५ मिलि, मग दुसऱ्या बाजूनं तेवढंच. नंतर ३ किमीच्या वेगानं पाच मिनिटं पाय जरा डावीकडे-उजवीकडे टाकत चालायचं, म्हणजे तेल पसरतं. जास्त ओतलं तर ते रोलरपर्यंत जातं, पट्टा घसरायला लागतो आणि धूळ मिसळून काळा लगदा होतो.

तेल म्हणजे १०० टक्के सिलिकॉन तेल. शिलाई मशीनचं नाही, गंज सोडवायचा स्प्रे नाही, आणि खोबरेल तर अजिबात नाही. पुण्याच्या थंडीत बाटलीत गोठणारं तेल फळीवर काय करेल ते सांगायला नको. खनिज तेलांनी पट्टा खराब होतो आणि त्याचे थर निघून येतात. 'सिलिकॉन स्प्रे' म्हणून मिळणाऱ्या डब्यांतही बरेचदा सॉल्व्हंट असतं, ते टाळा. कंपनी आपलं नाव छापलेली छोटी बाटली विकते तसंच तेल औद्योगिक केमिकलच्या दुकानात ३५० सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप) म्हणून मिळतं. अर्ध्या लिटरमध्ये २५ मिलिच्या २० खेपा होतात, म्हणजे ४५ तासांच्या हिशोबानं ९०० तास. रोज अर्धा तास चालणाऱ्याला जवळजवळ पाच वर्षं. एवढं असताना नाव छापलेल्या बाटलीचे पैसे कशाला द्यायचे?

ज्याला आकडे आवडतात त्यानं १६ अँपिअरचा, वॅट दाखवणारा स्मार्ट प्लग घ्यावा. ताजं तेल घातल्यावर ५ किमीच्या वेगाला चालत असताना किती वॅट लागतात ते एकदा लिहून ठेवा. तोच माणूस, तोच वेग, आणि आकडा पाव हिश्श्यानं वर गेला की तेल घाला. बोर्ड तापण्याआधीच ओढ कळते. (विजेच्या बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी: एक तास चालायला साधारण अर्धा युनिट, थोडं इकडेतिकडे.)

आणखी एक गोष्ट विक्रेते उलटी सांगतात. 'हळू चालायलाच घेताय ना, मग लहान मोटर पुरे.' डीसी मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. २-२.५ किमीच्या वेगाला तो जेमतेम फिरतो, वजन तेवढंच, आणि प्रत्येक पावलाला पट्टा थबकतो. मोटरला करंट जास्त, वारा कमी. नव्वद किलोचा माणूस ४०-४५ मिनिटं अगदी सावकाश चालला तर यंत्र जितकं तापतं, तितकं ते ७ किमीच्या वेगालाही तापत नाही. आजी-आजोबांसाठी घेत असाल तर मोटर मोठी घ्या, आणि वीस मिनिटांनी यंत्राला श्वास घेऊ द्या.

'४ एचपी' बद्दलही एकदाच. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, चार म्हणजे २९८४. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला मिळतात १३८० वॅट. पीक म्हणजे क्षणभराचा आकडा. विचारायचा तो कंटिन्युअस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा. दुकानदार सांगत नसेल तर कव्हर काढून मोटरवरची पट्टी वाचा. प्लग मात्र १६ अँपिअरच्या सॉकेटलाच, एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय आणि नीट अर्थिंग असलेल्यालाच लावायचा. हिवाळ्यात दांड्याला हात लावला की चटका बसतो तो पट्ट्याच्या घर्षणातून साठलेल्या स्थिर विजेचा. अर्थिंग नसेल तर हीच वीज कन्सोल (समोरचा स्क्रीन-बटणांचा भाग) हँग करते. इन्व्हर्टरवर चालवू नका.

इथपर्यंतचं लिहिलं तेव्हा मनात दोनच तारे होते. मग बोर्ड काढून पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत दाखवला. मुंबईकरांसाठी हेच काम लॅमिंग्टन रोडवर होतं. दुरुस्तीवाल्यानं मल्टिमीटर लावला, मॉस्फेटचे दोन पाय आपसात शॉर्ट दाखवले आणि शेजारचा काळवंडलेला रेझिस्टरही. बोर्ड अगदी ढोबळ आहे, सगळे पार्ट मोठे, पायवाले, हातानं सोल्डर करता येतील असे. दोन पार्ट, नवीन थर्मल पेस्ट, आणि कंपनीनं सांगितलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरणार नाही असं बिल. जे यंत्र गल्लीत दुरुस्त होतं त्याला दोन तारे देणं अन्याय आहे, म्हणून तीन. कंपनीच्या सर्व्हिसचे मात्र शून्यच.

बोर्ड स्वतः काढणार असाल तर प्लग काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबा. कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट तसेच बसलेले असतात. वायर काढण्याआधी फोटो काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मॉस्फेट शॉर्ट झाला तर मोटरला पूर्ण वीज एकदम मिळू शकते आणि पट्टा सुरू होतानाच सुसाट सुटतो. म्हणून स्टार्ट दाबताना पाय नेहमी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या कडांवर, पट्टा फिरायला लागला की मग त्यावर उतरायचं, आणि सेफ्टी कीची (निघाली की यंत्र थांबवणाऱ्या किल्लीची) दोरी कपड्याला अडकवलेली. लहान मुलं असतील तर वापर झाल्यावर ही की काढून वर ठेवा.

घडी होण्याबद्दलही मत बदललं. जागा वाचते वगैरे जाहिरातीत असतं. पण खरा फायदा असा की उभी केली की खालची धूळ पुसता येते. पुढच्या कव्हरखाली महिन्याभरात केसांचा आणि धुळीचा गोळा जमतो आणि मोटरचा पंखा तोच आत ओढतो. कव्हरचे चार-सहा स्क्रू काढून व्हॅक्यूम किंवा ब्रश मारणं हे तेलानंतरचं दुसरं काम.

जोडणीत घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी. खांबातून कन्सोलकडे जाणारी वायर खांब बसवताना चिमटली जाते आणि मग कन्सोल चालू होत नाही किंवा पहिल्या दिवसापासून कम्युनिकेशनचा एरर येतो. एकानं खांब धरायचा, दुसऱ्यानं वायर ओढून धरायची. सगळे बोल्ट आधी हातानं बसवून घ्या, सगळे बसल्यावरच ॲलन कीनं आवळा; एक बाजू आधी घट्ट केली की दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत. बोल्टच्या डोक्याला लागून स्प्रिंग वॉशर, मग सपाट वॉशर. पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा आवळा, कुरकुर तिथूनच येते. खोकं पन्नास-साठ किलोचं असतं, तेव्हा जिथे ठेवायची तिथेच उघडा, आणि घडी बांधून ठेवलेली पट्टी मॅन्युअल सांगेपर्यंत कापू नका.

फ्री इन्स्टॉलेशनचा माणूस पट्टा मध्यभागी आहे का ते बघतोच असं नाही. मागच्या रोलरला दोन बोल्ट असतात. ४-५ किमीच्या वेगाला रिकामा पट्टा चालवा. उजवीकडे सरकत असेल तर उजवा बोल्ट पाव फेरा घड्याळाच्या दिशेनं, मग एक मिनिट थांबून बघा. एकदम अर्धा-पाऊण फेरा मारणारे पट्ट्याच्या कडा फाडतात. ताण बरोबर असेल तर मधोमध पट्टा दोन-तीन इंच उचलता येतो. पाऊल टाकल्यावर पट्टा क्षणभर अडकत असेल तर कव्हर काढून पुढच्या रोलरकडे बघा. रोलर फिरतोय आणि पट्टा थांबतोय, तर पट्टा सैल. रोलरच थांबतोय आणि मोटरची पुली फिरतेय, तर आतला छोटा ड्राइव्ह बेल्ट सैल. सर्व्हिसवाले दोन्हींना 'मोटर वीक झाली' म्हणतात.

जागा: मागे भिंत नको, किमान दीड मीटर मोकळं. छताच्या पंख्याखाली नको. यंत्राची उंची आणि धावतानाची उडी मिळून अंदाज चुकतो. बंद केलेल्या बाल्कनीत तर नकोच, पावसाळ्याच्या दमटपणानं रोलरचे बेअरिंग आणि बोर्ड दोन्ही खराब होतात. खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार येते ती मोटरच्या आवाजाची नसते, पावलांच्या धपधपीची असते. ६ मिमीची चटई फक्त टाइल वाचवते. चारही पायांखाली १०-१२ मिमीचे जाड रबरी तुकडे आणि खोलीच्या मध्याऐवजी बीम-कॉलमजवळची जागा, यांनी फरक पडतो.

कन्सोलच्या कॅलरीज वाचू नका. यंत्र वजन विचारतच नाही, मग हिशोब कुणाच्या शरीराचा? वेग तपासायचा असेल तर पट्ट्यावर रंगीत टेप लावा, पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा आणि कुणी चालत असताना मिनिटाला किती फेरे होतात ते मोजा. २.६ मीटरच्या पट्ट्याला ६ किमी म्हणजे मिनिटाला ३८-३९ फेरे. माणूस चढल्यावर फेरे ठळकपणे घटत असतील तर परत पट्टा-फळी बघा.

बिल देताना बोर्डाची वॉरंटी लेखी मागा. दोन वर्षांची देणारे आहेत. प्रत्येक सर्व्हिस व्हिजिटची जॉबशीट घ्या, त्यावर 'पट्टा कोरडा' लिहिलं असेल तर सही करण्याआधी हात घालून खात्री करा. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी विकणाऱ्याला आधी यंत्र चालवून ठेवू देऊ नये. थंड यंत्र सुरू करा, स्वतः चढून १५ मिनिटं चाला, मग उतरून पुढच्या कव्हरजवळ नाक न्या. जळकट वास आला तर सोडून द्या. पट्टा कडेनं उचलून फळी बघा: मध्यभागी थर उडून खालचं तपकिरी लाकूड दिसत असेल तर फळी आणि पट्टा दोन्ही बदलावे लागतील, आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.