बाइंडर: अर्धा की पूर्ण, आणि आपल्या घामात कितपत टिकतो

रिक्षावाला ‘दादा’ म्हणणार की ‘ताई’, हे तो केस, आवाज, चाल आणि छाती बघून क्षणात ठरवतो. शरीराचं लिंग ही एक गोष्ट, समाज त्यावरून वाचतो तो लिंगभाव ही दुसरी. बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा, लागतो तो या वाचण्यामुळे. ट्रान्स पुरुषांपैकी (जन्मतः मुलगी ठरवलेले पुरुष) अनेक जण तो रोज घालतात, काही नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) व्यक्ती फक्त कामावर जाताना, आणि जेंडरफ्लुइड (जिचा लिंगभाव बदलता असतो अशा) व्यक्तीला सोमवारी हवासा वाटलेला मंगळवारी नकोसा होतो. कित्येकांना तो कधीच लागत नाही. नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या १५ एप्रिल २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणंसुद्धा बेकायदा ठरवलं. मग कापडाची अट कोण घालणार?

तेव्हा सर्वात सपाट कोण करतो यापेक्षा दिवसभर घालून श्वास नीट घेता येतो का, हे आधी बघा. चांगल्या बाइंडरचं पुढचं कापड न ताणणारं असतं आणि पाठीचं ताणणारं, स्पॅन्डेक्स मिसळलेलं. दोन्ही बाजू कडक असतील तर बरगड्यांना फुगायला जागाच राहत नाही. असा तुकडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

अर्धा बाइंडर बरगड्यांपाशी संपतो. उकाड्यात तोच बरा, पण पोट सुटलेलं असेल तर बसल्यावर खालची कड गुंडाळत वर येते. पूर्ण बाइंडर कमरेपर्यंत जातो, सदरा छान बसतो, मात्र घाम दुप्पट. बाजूला हूक असलेला प्रकार खांदा दुखणाऱ्यांना सोयीचा. पातळ टी-शर्टातून हुकांची रांग दिसते, एवढंच.

माप शिंप्याच्या टेपने, सहज श्वास घेत: छातीचा सर्वात भरलेला भाग, त्याखालची घडी, आणि खांद्यापासून खांदा. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्या. लहान माप जास्त सपाट करतं हा गैरसमज आहे. मांस काखेकडे ढकललं जातं, तिथे फुगवटा दिसतो, आणि काखेची कड रुतली की हाताला मुंग्या येतात. घातल्यावर छाती खाली आणि किंचित बाहेरच्या बाजूला सरकवायची, वर दाबायची नाही. मग खोल श्वास घ्या, वाका, बसा. कुठे अडलं तर माप बदलून मागवा. ‘वापरून सैल होईल’ म्हणून ठेवू नका.

सलग आठ तास ही वरची मर्यादा. झोपताना आणि व्यायामाला नाही. दुकानातला बाइंडर म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १८०० जणांच्या एका पाहणीत ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी पाठदुखी, धाप, खाज यांसारखा एक तरी त्रास सांगितला होता, आणि या त्रासांशी सर्वात ठळक संबंध दिसला तो आठवड्यातून किती दिवस छाती बांधता याचा. म्हणून सुट्टीचा दिवस छातीलाही सुट्टीचा असू द्या. दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. क्रेप बँडेज आणि चिकटपट्टी मात्र अजिबात नको: बँडेज हालचालीबरोबर आवळत जातं, पट्टी कातडी सोलते.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात एक बाइंडर पुरत नाही. धुतलेला रात्रीत वाळत नाही, आणि दमट तसाच घातला की छातीखालच्या घडीत नायटा ठरलेला. दोन घ्या, आत पातळ सुती गंजी घाला. पावडर थापू नका, घामात तिचा लगदा होतो. थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. धोपटणं आणि ड्रायर, दोन्हींनी स्पॅन्डेक्स मरतो. पाठीचं कापड ताणून सोडल्यावर मागे येत नसेल, तर त्याचं आयुष्य संपलं.

विकत घेताना बदलून देण्याची मुदत आणि पार्सलवर काय छापतात, हे आधी विचारून घ्या. घरी सांगितलेलं नसेल तर खोक्यावरचा एक शब्दही पुरतो. रंग काळा किंवा करडा निवडा; दोरीवर वाळत घातलेला तो स्पोर्ट्स बनियन म्हणून खपून जातो.