ओएस मेंटॉरशिप सहा महिने वापरून: सर चांगले, पण व्हॉइस नोट आवरा

परवा दुपारी ॲपचा मेसेज आला, तुमचं सबस्क्रिप्शन येत्या रविवारी संपतंय, रिन्यू करा, सहा महिन्यांचे आता फक्त ११,४०० रुपये. फक्त! एप्रिलमध्ये मी ९,००० भरले होते आणि तेव्हाच दोन रात्री झोप नव्हती. तर रिन्यू करू की नको हे ठरवताना डोक्यात जे जे आलं ते लिहून काढतोय, कुणी घ्यायच्या विचारात असेल तर बघा.

भानगड काय आहे ते माहीत असेलच. ओएस (विंडोज, लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम), ड्रायव्हर, बूटलोडर (मशीन चालू होताच ओएस मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम) असल्या खालच्या लेव्हलचं काम करणाऱ्याला एक मेंटॉर मिळतो, कितीही डाउट विचारा, २४ तासांत उत्तर. मला मिळालेले सर पनवेलचे, आयुष्यभर प्रिंटरचे ड्रायव्हर लिहिलेला माणूस. मी ठाण्यात राहतो, नोकरी ऐरोलीला, दिवसभर जावा आणि रात्री जेवणं झाली की स्वतःची ६४ बिट ओएस. कशाला लिहितोस म्हणून घरी रोज विचारतात. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनेही २५ ऑगस्ट १९९१ ला आपली ओएस नुसता छंद आहे असंच सांगितलं होतं असं मी एकदा घरी बोललो, त्यावर त्याच्या घरचं लाइट बिल कोण भरायचं असं उत्तर आलं.

आता मुद्द्याचं. सर टाइप करत नाहीत. म्हणजे करतच नाहीत. सगळं व्हॉइस नोटवर. मी चाळीस ओळींचा रजिस्टर डंप (सीपीयूच्या आतल्या कप्प्यांमधले आकडे) नीट टाइप करून पाठवायचा आणि पलीकडून काय, तर १ मिनिट १२ सेकंदाची नोट, तिची सुरुवात "हां... तर बघ..." अशी, मागे कुकरची शिट्टी. सहा महिन्यांत १४३ नोट आल्या, मी मोजल्यात. ९,००० भागिले १४३ म्हणजे एक नोट ६३ रुपयांना पडली. प्रत्येक नोटमध्ये मूळ मुद्दा सुरू व्हायच्या आधी सरासरी ११ सेकंद नुसतं हां तर बघ आणि घसा साफ करणं, म्हणजे एकूण २६ मिनिटं मी पैसे देऊन सरांचा घसा ऐकलाय.

गप्पा असत्या तर चाललं असतं हो, पण इथे हेक्स आहे, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ वापरून लिहिलेले आकडे. बी, सी, डी, ई हे चारही नोटमध्ये एकसारखेच ऐकू येतात. लाँग मोड (सीपीयूचा ६४ बिट मोड) चालू करायचा तर एका एमएसआरमध्ये (सीपीयूच्या सेटिंगच्या खास रजिस्टरमध्ये) एक बिट लावायचं असतं, त्या रजिस्टरचा नंबर सी००००० आणि पुढे ८०. कागदावर सोप्पं. आता हेच ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत एका कानात इअरफोन लावून ऐका, "सी, झिरो झिरो झिरो झिरो झिरो, एट झिरो", मी चार झिरो मोजले, पाचवा दिघा गाव स्टेशनच्या अनाउन्समेंटमध्ये गेला. रात्री तेच टाकलं आणि मशीन रीस्टार्ट, परत रीस्टार्ट, परत. हो, इंटेलच्या मॅन्युअलमध्ये हा नंबर छापलेला आहे आणि ते फुकट आहे, पण पाच हजाराच्या आसपास पानं आहेत आणि ती पालथी घालायची नाहीत म्हणूनच तर पैसे भरले ना? आणि व्हॉइस नोटमध्ये सर्चही मारता येत नाही. मे महिन्यातलं पीआयसीबद्दलचं (कीबोर्ड, टायमर यांच्या इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला मध्येच थांबवणाऱ्या हाका, सांभाळणारी चिप) उत्तर ऑगस्टमध्ये हवं असलं की बसा एकेक वाजवत. शेवटी ४० रुपयांची दोनशे पानी वही आणली आणि सगळं उतरवून काढलं, म्हणजे फी मी भरली आणि कारकुनीही मीच केली.

जूनमध्ये मी स्पष्ट सांगितलं, सर प्लीज आकडे तरी लिहून पाठवा. सरांनी मनावर घेतलं. वहीच्या पानावर पेनाने लिहून फोटो पाठवला. मराठीत. कीबोर्डचा इंटरप्ट सुरू करायचा होता, त्यासाठी पीआयसीच्या पोर्ट २१ वर एफडी ही किंमत पाठवायची, सगळे इंटरप्ट बंद आणि कीबोर्डचा तेवढा उघडा. सरांनी २१ देवनागरीत काढलेला, त्यातला १ हा आकडा मी इंग्रजी नऊ म्हणून वाचला कारण पुढचं एफडी इंग्रजीत होतं. झालं, पोर्ट २९ वर एफडी टाकून बसलो, तिथे ऐकणारं कुणी नाही, कीबोर्ड मुका तो मुकाच, दीड रात्र गेली. सोबत नोट होती ती मी हॉलमध्ये स्पीकरवर लावली, "तिथे एफडी टाक म्हणजे झालं", आई आतून बाहेर आली, कुठल्या बँकेत म्हणाली. तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या या उद्योगात काहीतरी अर्थ वाटला होता.

कस्टमर केअरचंही सांगून टाकतो. गणपतीत सर गावी गेले, १२ दिवस उत्तर नाही. गणपती आहेत, माणूस कोकणात जाणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग २४ तासांची गॅरंटी जाहिरातीत का लिहिता, तेवढे १२ दिवस पुढे वाढवून द्या एवढंच मी म्हणालो. चार ईमेल, दोन फोन. शेवटी २०० रुपयांचं कूपन दिलं, ते फक्त पायथॉनच्या नवीन कोर्सला लागतं. पायथॉन! मी इथे असेंब्लीत मरतोय.

एवढं वाचून वाटेल की हा रिन्यू करणार नाही. मीही तसंच ठरवलं होतं. पण सप्टेंबरमधलं ते प्रकरण सांगितल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही.

झालं असं, एक छोटं फंक्शन होतं, मेमरीतल्या फाइल टेबलची बेरीज करणारं, चेकसम. दहा वेळा चालवलं की आठ वेळा बरोबर, दोन वेळा भलतंच. टायमर बंद ठेवला तर दहापैकी दहा बरोबर. टायमर म्हणजे पीसीतली पीआयटी चिप, तिच्या सेकंदाच्या ११,९३,१८२ ठोक्यांना ११,९३१ ने भागून सेकंदाला १०० टिक. म्हणजे टायमरच्या इंटरप्टमध्ये घोळ, म्हणून तो हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) ओळ न् ओळ तपासला, सगळे रजिस्टर स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या कामाच्या जागेत, ठेवून परत काढणं (पुश-पॉप) व्यवस्थित. मग आत काय होतंय ते बघायला फंक्शनमध्ये एक प्रिंट टाकली तर दहापैकी दहा बरोबर! प्रिंट काढली की परत चुकतंय. नऊ रात्री गेल्या यात. एआयला विचारलं तर पहिल्या दिवशी म्हणाला व्हॉलेटाइल लावा, दुसऱ्या दिवशी स्टॅक वाढवा, तिसऱ्या दिवशी इंटरप्ट बंद करून फंक्शन चालवा, हे म्हणजे ताप मोजायचं थर्मामीटरच फोडून टाकण्यासारखं. मी तर रॅमची काडी काढून पुसूनही बघितली, क्यूईएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या खोट्या पीसीवर, चालणाऱ्या ओएससाठी. इतकी अक्कल गेली होती.

सरांना सगळं लिहून पाठवलं. ४७ सेकंदांची नोट आली. अकरा सेकंद हां तर बघ. मग म्हणाले, "प्रिंट टाकली की बरोबर येतं ना? म्हणजे ते दुसऱ्या कुणाला कॉल न करणारं फंक्शन आहे. रेड झोन बंद केलायस का? सगळ्या फाइलींना?" कोड न बघता. मी खुर्चीत ताठ बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ६४ बिट लिनक्सवर कंपायलर ज्या नियमाने चालतो त्यात असं आहे की फंक्शन दुसरं काही कॉल करत नसेल तर त्याने स्टॅक पॉइंटर हलवायची गरज नाही, त्याच्या खालच्या १२८ बाइट तशाच वापरायच्या, यालाच रेड झोन म्हणतात. साध्या प्रोग्रॅमला काही होत नाही, कारण इंटरप्ट आला की सीपीयू कर्नलच्या (ओएसच्या गाभ्याच्या) वेगळ्या स्टॅकवर जातो. पण आपण आधीच कर्नलमध्ये असलो तर इंटरप्ट त्याच स्टॅकवर बसतो आणि बरोबर त्या १२८ बाइटवर आपला पसारा मांडतो. दुपारी रिकामी दिसली म्हणून सीटवर रुमाल टाकून पाणी प्यायला गेलात आणि परत येऊन बघता तर चौथी सीट करून कोणीतरी रुमालावरच बसलंय, तसं. प्रिंट टाकली की फंक्शन कॉल करणारं होतं, मग ते स्टॅकवर रीतसर जागा घेतं, म्हणून चूक गायब. कर्नल कंपाइल करताना एम-नो-रेड-झोन हा फ्लॅग द्यायचाच असतो. मी दिला होता. पण लिब नावाच्या फोल्डरला मेकफाइलमध्ये (कुठली फाइल कशी कंपाइल करायची ते सांगणारी फाइल) वेगळा रूल होता, जुलैत मीच रात्री दीडला घाईत लिहिलेला, त्यात नव्हता. आणि चेकसम त्या फोल्डरमध्ये.

नऊ रात्री, एक शब्द. त्या नोटचे ६३ रुपये मी आनंदाने देईन. पण ११ सेकंद तरीही जास्त होते.

(इथपर्यंत शुक्रवारी लिहून ठेवलं होतं. शनिवारी अजून एक झालं म्हणून पुढे वाढवतोय.)

भावजींचं कळव्याला झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे एक जुना डेस्कटॉप धूळ खात होता, मागे खरा सिरियल पोर्ट (दोन मशीनना तारेने बोलायला लावणारं जुनं सॉकेट) असलेला. तो रिक्षातून घरी आणला, ओएस खऱ्या मशीनवर चालवायची म्हणून. पेनड्राइव्ह लावला, माझा बूटलोडर उठला, ५१२ बाइटचा आपला लेकरू मेमरीच्या ७सी०० या पत्त्यावर बरोबर जाऊन बसला, कर्नलचं नाव स्क्रीनवर आलं आणि तिथेच गार. क्यूईएमयूमध्ये शंभर वेळा चाललेलं. सर म्हणाले आधी सिरियलवर मेसेज काढ, नल मोडेम केबल आण. मी ऐकलं नळ मोडेम. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात तसंच मागितलं, त्याने साधी सरळ केबल दिली ३५० ला, माल परत नाही. नल मोडेममध्ये पिन २ आणि ३ उलटसुलट जोडलेल्या असतात, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जावं म्हणून, माझ्या केबलमध्ये दोघंही नुसते बोलणार आणि दोघंही नुसते ऐकणार. २० रुपयांच्या जंपर वायरी आणून २ ला ३, ३ ला २, ५ ला ५ असं जुगाड केलं. ३५० गेले ते गेले. हेही व्हॉइस नोटच्याच खात्यात लिहा.

पण मेसेज आले आणि कळलं की एक काउंटर जो शून्यापासून सुरू व्हायला हवा तो कोट्यवधीपासून सुरू होतोय. सर म्हणाले, बीएसएस साफ करतोस का? नव्हतो करत. ज्या व्हेरिएबलना सुरुवातीची किंमत नसते त्यांची जागा म्हणजे बीएसएस, ती शून्य करणं लोडरचं काम, ग्रब हा तयार बूटलोडर वापरला असता तर त्याने केलं असतं, पण मला स्वतःचा बूटलोडर मिरवायचा होता. क्यूईएमयू रॅम कोरी करकरीत देतो म्हणून तिथे फुकटात शून्य मिळत होतं, भावजींच्या मशीनवर मेमरीत काय वाट्टेल तो कचरा. तीन ओळींचा असेंब्लीचा लूप टाकला. रात्री साडेबाराला त्या डब्यावर माझा प्रॉम्प्ट आला आणि भावजींच्या त्या पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवरून एक अक्षर उमटलं. घरात सगळे झोपलेले, कुणाला उठवून दाखवायची हिंमत झाली नाही.

तर काय. सरांना पाचपैकी साडेचार. ॲपला दीड, तोही सर दिले म्हणून. नवीन शिकणाऱ्याने घेऊ नये, आधी क्यूईएमयू आणि जीडीबी हा चुका शोधायचा डीबगर नीट वापरायला शिका, इंटरप्टचा लॉग काढायला शिका, माझे पहिल्या दोन महिन्यांतले निम्मे प्रश्न त्यातच सुटले असते. ज्याची एखादी चूक नऊ रात्री सुटत नाहीये त्याने घ्यावं, पण महिन्याचं घ्या, सहा महिन्यांचं नको, आणि गणपतीचा महिना सोडून घ्या.

मी अजून पैसे भरलेले नाहीत. कूपनचे ते २०० रिन्यूअलला लावून देता का म्हणून पाचवा ईमेल टाकलाय. दुपारी सरांना सहज विचारलं, पुढे युजर मोडमध्ये (साधे प्रोग्रॅम चालतात तो मोड) जायचंय, टीएसएस (कर्नलचा स्टॅक कुठे ते सीपीयूला सांगणारं टेबल) आधी लावू की सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागणं) आधी. नोट आली आहे, २ मिनिटं ३८ सेकंदांची. इअरफोन ऑफिसात राहिलाय.