आयोडीनचे चार थेंब टाकून ‘पाश्चराइज्ड’ दूध विकणारा

म्हापसा, पर्वरी, डिचोली भागात थंड पेयांची दुकानं चालवणाऱ्यांनी हे वाचाच. कॅनमधून सुटं ‘पाश्चराइज्ड’, म्हणजे जंतू मारायला ठरावीक तापमानाला तापवलेलं, दूध देणारा एक जण फिरतोय. माझे 27,350 रुपये त्याने गिळले. डिपॉझिट 18,000, टेस्ट किट 4,850 आणि आगाऊ घेतलेले 4,500. पावती मागितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

मिल्कशेकमध्ये दूध न उकळताच जातं, म्हणून पुरावा मागितला होता मी, डोळे झाकून घेतलं नाही. त्याने काउंटरवरच पेल्यात दूध ओतलं, तपकिरी बाटलीतले चार थेंब टाकले. “बघा शेट, निळं झालं नाही. पास!” वास सरळ जखमेवर लावायच्या औषधाचा. आयोडीन! ते निळं होतं स्टार्च, म्हणजे पिठाची भेसळ, असेल तर. कच्चं दूधही त्यात ‘पास’च होणार. वहिनी म्हणालीसुद्धा, “शेजारच्या गाईचं कच्चं दूध घालून बघूया की.” तर याला लगेच दुसरीकडे जायची घाई. तिथेच मानगूट धरायला हवी होती त्याची! पण दुकानात गर्दी, हातात छापील सर्टिफिकेट. कुणीही फसला असता.

खरी चाचणी फॉस्फेटेजची. हे एन्झाइम कच्च्या दुधात असतंच, आणि 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर 30 मिनिटं नीट तापवलं की निकामी होतं. रसायन घालून नळी 37 अंशांवर दोन तास ठेवतात. पिवळी झाली तर दूध नीट तापलेलं नाही, नाहीतर मागाहून कच्चं मिसळलंय. सोबत तुलनेला उकळलेल्या दुधाची नळी हवीच. खासगी लॅबमध्ये त्याच्या दुधाची नळी हळदीसारखी पिवळी, उकळलेल्या दुधाची पांढरी. पाच मिनिटांत ‘पास’ म्हणणाऱ्याला दारातूनच हाकला.

पोलीस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, ग्राहक मंचाकडे जा. तिथे पहिला प्रश्न, बिल कुठे? अन्न तपासणीच्या कार्यालयात सांगितलं, तुम्ही आणलेला नमुना चालत नाही, आम्ही स्वतः घेतलेलाच लागतो. मग या ना घ्यायला! तर “विक्रेत्याचा पत्ता द्या.” पत्ता माझ्याकडे असता तर मी यांच्या दारात कशाला उभा राहिलो असतो? लहान मुलं ते दूध पीत होती, ह्याचं कुणाला काहीच नाही. अर्जावर शिक्का तेवढा मारून दिला.

घरी असं दूध येत असेल तर उकळूनच प्या. दुकानदारांनो, कॅनवर परवाना क्रमांक नसेल तर दूध उतरवूनच घेऊ नका. त्याचा फोन अजून लागतो, माझा नंबर दिसला की कापतो.